गाडीच्या हप्त्याबद्दल

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

पन्नास हजार डॉलरची गाडी तुला परवडते, कारण महिन्याला साडेसातशेच पडतात, असं तू म्हणालास. टेक्सासमध्ये गाडीवाचून चालायचं नाही, हे मान्य. पण हप्त्यावरून गाडी निवडायची सवय त्या देशात मुद्दाम लावली गेली आहे. जनरल मोटर्सने १९१९ मध्येच आपल्या गाड्या कर्जावर विकण्यासाठी वेगळी वित्तकंपनी काढली. पुढे आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी रूप बदलायचं आणि स्वस्त शेवरोलेवाल्याला महागड्या कॅडिलॅकची आस लावायची, हे धोरण राबवलं. चालती गाडी जुनी वाटू लागते ती तेव्हापासून!

आता हिशेब. पन्नास हजारांचं कर्ज, ७ टक्के व्याज, ८४ महिने: हप्ता सुमारे ७५५ आणि एकूण व्याज १३,४००. तेच ४८ महिन्यांत फेडलंस तर हप्ता १,२०० च्या आसपास, व्याज साडेसात हजार. बाराशेचा हप्ता झेपत नसेल तर ती गाडीच झेपत नाही, असं मी धरते.

लांब मुदतीची खरी अडचण व्याजाहून मोठी आहे. सुरुवातीला मुद्दल हळूहळू फिटतं आणि गाडीची किंमत भराभर उतरते. मध्येच विकायची वेळ आली तर विकून आलेल्या पैशांत कर्ज फिटत नाही. डीलर ती तूट नव्या गाडीच्या कर्जात घालून देतो, आणि माणसं त्याला सोय समजतात. तू एच-१बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर आहेस. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. गाडी घाईने विकावी लागेल ती नेमकी तेव्हा.

डीलरकडे जाण्याआधी क्रेडिट युनियनकडून (आपल्याकडच्या सहकारी पतपेढीसारखी संस्था) कर्जाची पूर्वमंजुरी घे. डीलर मिळालेल्या व्याजदरावर स्वतःचा वाटा चढवू शकतो. हातात दुसरा दर असला की त्याला आळा बसतो. कर, नोंदणी, कागदपत्रांचं शुल्क धरून शेवटची रक्कम ईमेलवर लेखी मागव. "महिन्याला किती जमेल?" याला उत्तर देऊ नकोस, तो मुदत वाढवून तेवढा हप्ता बसवून देईल. सही करायच्या खोलीत वाढीव वॉरंटी, रंगाचं संरक्षण, गॅप इन्शुरन्स पुढे येतील. गॅप म्हणजे अपघातात गाडी पूर्ण गेली किंवा चोरीला गेली, तर तिची किंमत आणि उरलेलं कर्ज यांतली तूट भरणारा विमा. तो घ्यायचाच तर आधी आपल्या विमा कंपनीला दर विचार. आणि तीन दिवसांत गाडी परत करता येते ही निव्वळ अफवा आहे. तीन दिवसांत खरेदी रद्द करू देणारा केंद्रीय नियम आहे, पण शोरूममधल्या खरेदीला तो लागू नाही.

लीज, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी भाड्याने गाडी, सुचवली तर 'मनी फॅक्टर' विचार. तो व्याजदरच, वेगळ्या रूपात सांगितलेला. त्याला २४०० ने गुण: ०.००३ म्हणजे वर्षाला ७.२ टक्के. मैलांची मर्यादाही बघ. तुझं ऑफिस लांब आहे, मर्यादेवरच्या प्रत्येक मैलाला पैसे पडतात.

सोफाही दुकानाच्या कार्डावर घ्यायचा म्हणतोस, त्याचं थोडक्यात. "१२ महिन्यांत फेडलं तर व्याज नाही" अशा दुकानाच्या कार्डावर शेवटी दहा डॉलर जरी राहिले, तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम लागतं. नुसती किमान रक्कम भरत राहिलास तर शेवटी बाकी राहणारच.

४०१(के) मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात, कंपनीची पूर्ण भर मिळेल एवढा तुझा वाटा आधी घाल, मगच गाडीचा आकडा ठरव. तीन वर्षं वापरलेल्या गाडीचाही दर काढ, आणि सहीआधी नव्या आणि वापरलेल्या, दोन्ही गाड्यांच्या दरांचे कागद मला पाठव.

तुझी,
आई