चिंचेखालच्या अंगणवाडीतल्या ताईंना

ताई,

या जूनमध्ये लेक पहिलीला जाईल. त्याआधी हे लिहायचं ठरवलं होतं, कारण समोर आलं की तुमच्या हातात एक तरी रजिस्टर असतं आणि माझं बोलणं 'बरं, येते' यावरच संपतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून वाईच्या पश्चिमेला, गावी परत आलो. लेक चार वर्षांचा होता आणि पेन्सिल दिसली की टेबलाखाली जायचा. शहरातल्या नर्सरीत रोज एक पान 'स्टँडिंग लाइन', एक पान 'स्लीपिंग लाइन' असायचं. रेघ ठिपक्यांवरून घसरली की खोडायची. खोडून खोडून कागद फाटायचा आणि वर लाल पेनाने 'नीड्स इम्प्रूव्हमेंट'. गावात दुसरं काही नव्हतं म्हणून त्याला अंगणवाडीत घातलं, हे आता कबूल करते. 'खिचडीपुरती शाळा' असं मीही म्हणाले होते. माफ करा.

पहिल्या दिवशी तुम्ही दप्तर परत पाठवलंत आणि एक जुना शर्ट मागितलात, चिखलात खेळायला. तीन महिने घरी एकही अक्षर आलं नाही. मी भांडायच्याच तयारीने आले. पाऊस नुकताच थांबला होता, पोरं अंगणात काटक्यांनी पाट काढून डबक्यातलं पाणी चिंचेच्या बुंध्याकडे नेत होती. तुम्ही माझ्या लेकाच्या पाटाकडे बोट दाखवलंत. "ही उभी रेघ, ही आडवी. याच हव्या होत्या ना तुम्हाला?" मग सावकाश समजावलंत की मातीचे गोळे वळून, शेंगा सोलून, तांदळातले खडे वेचून आधी बोटांत जोर येऊ द्यायचा, पेन्सिल मागून येतेच. मी भांडण गुंडाळून घरी आले.

तुमचा गृहपाठही मुलाला नसायचा, आम्हाला असायचा. 'संध्याकाळी वडिलांबरोबर जाऊन कोणकोणती झाडं झोपतात ते बघून या.' आमचे हे शेतावरून दमून आलेले, तरी गेले. टाकळ्याची पानं मिटली होती, चिंचेचीही. आंबा जागाच! दुसऱ्या दिवशी अंधारात बॅटरी घेऊन शिरीष बघायला दोघं परत गेले. सगळं लहानपण त्याच बांधावर काढलेल्या माणसाने मला येऊन सांगितलं, "अगं, चिंच खरंच झोपते." लेकाने लगेच विचारलं, मग 'स्लीपिंग लाइन' ती हीच का? मला काही सुचलं नाही.

पण खरे आभार सासूबाईंसाठी मानायचेत.

बाकीच्या शाळांत पालक मेळाव्यात सूचना मिळतात. तुम्ही विचारलंत, "तुम्हाला काय येतं?" सासूबाई मागे सरकल्या. "माझा तर अंगठा. पोरास्नी मी काय शिकवू?" तुम्ही म्हणालात, "चिंचोके फोडता येतात का?" त्या पुढच्या मंगळवारी आल्या, ओट्यावर बसल्या, चिंचोके फोडून दगडावर घासले. पाठ काळी, पोट पांढरं. खडूने पट आखला. चार दलं टाकायची, जितकी पांढरी तितकी घरं. चारही काळी पडली तर आठ. इथे एक मुलगी अडून बसली, एकही पांढरं नाही तर आठ कशी? सासूबाई म्हणाल्या, "रिकाम्या हाताला देव जास्त देतो." गणिताच्या बाईंना हे चाललं नसतं, पोरांना चाललं. दिवाळीपर्यंत माझा लेक आठाच्या पुढे घरं मोजत वीसपर्यंत गेला, कुणी 'म्हण' न सांगता.

घरी मात्र वेगळंच घडलं. जन्मभर 'मला काय कळतंय' म्हणणाऱ्या बाई मंगळवारी सकाळी लवकर नहाण करून चांगलं लुगडं काढू लागल्या. शेजारणीने विचारलं तर म्हणाल्या, "शाळंत हाय माझी येळ."

हे सगळं कुठून शिकलात, असं एकदा विचारलं तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ एवढंच म्हणून तुम्ही वजनकाट्याकडे वळलात. मग मी वाचलं. 1945 साली दोघींनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं शाळेपर्यंत येईनात, तर त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, बिया, शंख, पानं, खडे हीच साधनं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेलं. शब्द रोज तोंडात असून त्यातलं अंगण कधी दिसलं नव्हतं. अंगण म्हणजे कुणाच्या तरी घराचंच की! तिथे आजी असणारच.

तुमच्यामागे लसीकरण, वजनं, घरभेटी, मोबाइलवरच्या नोंदी, आहाराचा हिशेब, आणि त्यावर मिळतं ते पगार नाही, मानधन. नेटवर्क नसलं की तुम्ही फोन घेऊन टाकीच्या पायऱ्या चढता, हे मी पाहिलंय. खिचडी हलवता हलवता पोरांची गाणी पुरी करणाऱ्या मदतनीस मावशींनाही हे पत्र वाचून दाखवा.

लेक आता येणार नाही, पण सासूबाई येणारच आहेत, त्यांनी मला विचारलेलंही नाही. मंगळवारी त्यांच्याबरोबर डबाभर चिंचोके पाठवते. फोडून ठेवलेत, घासायचे तेवढे राहिलेत.

तुमच्या अंगणवाडीतल्या एका मुलाची आई