विषय : इंजिनाचा इशारा-दिवा दोनदा नुसताच विझवल्याबद्दल आणि त्यातून झालेल्या नुकसानीची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

नाशिक,
दि. ९ जुलै २०२५

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
कंपनीचे मुख्य कार्यालय

महोदय,

माझी पेट्रोल गाडी २०२२ च्या दिवाळी पाडव्याला घेतलेली आहे. आपल्याच कागदानुसार तिची तीन वर्षांची वॉरंटी येत्या दिवाळीपर्यंत आहे. एकही सर्व्हिसिंग चुकवलेले नाही. असे असताना गाडी नऊ दिवसांपासून आपल्या नाशिकच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये उभी आहे आणि माझ्या हातात ३८,००० रुपयांचे एस्टिमेट आहे. त्यावर शेरा आहे : "ग्राहकाने इंजिनाचा दिवा लागलेला असताना गाडी चालवल्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी. वॉरंटी लागू नाही."

(कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा, सायलेन्सरच्या पाइपवरचा भाग.) या एका शेऱ्यासाठी हे पत्र आहे. लेखापरीक्षणात माझी ३१ वर्षे गेली, त्यामुळे कागद जपायची खोड आहे. जे घडले ते कागदांनुसार लिहिते.

२ जूनला गंगापूर रोडवरून घरी येताना इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी नीट चालत होती. घरी आल्यावर आधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण पाहिले, कारण झाकण सैल राहून वाफ बाहेर गेली तरी हा दिवा लागू शकतो. झाकण घट्ट होते. दुसऱ्याच दिवशी गाडी वर्कशॉपला नेली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि दहा मिनिटांत दिवा गेला. कारण विचारले तर उत्तर मिळाले, "पेट्रोल खराब असेल मॅडम, पंप बदला." जॉब कार्डवर नोंद एवढीच : "लाईट रिसेट केली. ओके." बिल ५९० रुपये. मी पंप बदलला. वर्षानुवर्षांचा ओळखीचा पंप होता. त्या बिचाऱ्यावर उगाच आळ घेतला असे आज वाटते.

१३ जूनला दिवा परत लागला. या वेळी सिग्नलला थांबल्यावर गाडी किंचित थरथरतही होती. हे मी १४ तारखेच्या जॉब कार्डवर स्वतः लिहायला लावले, ते शब्द तिथे आहेत. बॅटरीची तार काढली, थोड्या वेळाने परत जोडली. "सिस्टीम फ्रेश झाली." पुन्हा ५९० रुपये. कोड कोणता आला होता हे विचारल्यावर ॲडव्हायझर म्हणाले, "तो आमच्या सिस्टीममध्ये असतो, कस्टमरला देत नाही."

इथे थोडे थांबते, कारण सगळी चूक इथेच आहे. तो दिवा म्हणजे बिघाड नव्हे, बिघाडाची चिठ्ठी. गाडीच्या संगणकाला काही वावगे दिसले की तो एक कोड लिहून ठेवतो आणि त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, त्यावर किती ताण होता हेही त्यासोबत टिपतो. कारण न शोधता कोड पुसला किंवा बॅटरी काढली की ही नोंदही बहुधा जाते. शिवाय पुसल्यावर संगणक आपल्या चाचण्या नव्याने सुरू करतो, आणि बरेच दोष दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत दिसल्याशिवाय तो दिवा लावतच नाही. म्हणून पुसलेला दिवा काही दिवस बंद राहतो आणि ग्राहकाला वाटते, झाले काम. आमच्या खात्यात आक्षेपावर खाडाखोड केली तर त्याला अनुपालन म्हणत नसत, चौकशी लावत.

२९ जून, रविवार. सासूबाईंना घेऊन ठाण्याहून परत येत होते. १४ तारखेपासून या दिवसापर्यंत दिवा बंद होता, हे कृपया लक्षात ठेवावे. कसारा घाटाच्या चढाला गाडी धक्के देऊ लागली, पिकअप गेला, आणि दिवा लागला तो लुकलुकतच. बाहेर पाऊस आणि धुके, मागे कंटेनर. मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे : स्थिर दिवा असेल तर लवकर तपासून घ्या, लुकलुकत असेल तर ताण कमी करा आणि सुरक्षित जागी थांबा. पुढची मोकळी कडेची जागा मिळताच थांबले, इंजिन बंद केले आणि आपल्या हेल्पलाइनला फोन लावला. दिव्याचा रंग विचारला. पिवळा म्हटल्यावर सल्ला मिळाला, "मग टेन्शन नाही, हळूहळू चालवत नाशिकला आणा, लाल असता तर थांबायचं." लाल दिव्याला, म्हणजे ऑइलच्या दाबाच्या किंवा तापमानाच्या इशाऱ्याला, लगेच थांबायचे हे मलाही ठाऊक आहे. पण पिवळा दिवा लुकलुकतो आहे हे मी दोनदा सांगितले, आणि तो शब्द त्यांच्या प्रश्नावलीत बहुधा नसावा. मी गाडी चालवली नाही. क्रेन यायला २ तास ४० मिनिटे लागली. ८१ वर्षांच्या सासूबाई तोवर गाडीत बसून होत्या. हा हिशेब कोणत्याही एस्टिमेटमध्ये येणार नाही.

रविवारी वर्कशॉप बंद, म्हणून गाडी इंदिरानगरला घरी उतरवली. सोमवारी सकाळी पाथर्डी फाट्यावरचे एक मेकॅनिक दादा आले. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. "वॉरंटीत आहे ताई, मी फक्त वाचतो." त्यांच्या छोट्या स्कॅनरवर कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथले पेट्रोल नीट पेटत नाही. पैसे घेतले नाहीत आणि कोड कागदावर लिहून दिला. चार आठवड्यांत मला मिळालेला हा पहिला लेखी कोड.

त्याच दिवशी आपल्या वर्कशॉपमध्ये एका तरुण टेक्निशियनने माझ्यासमोर तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीला वीज देणारा भाग) दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावली. इंजिन चालवल्यावर कोड पी०३०२ झाला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. सगळे मिळून अर्धा तास. या मुलाचे मला कौतुकच आहे आणि माझ्या पत्रामुळे त्याला कुणी बोल लावू नये. प्रश्न एवढाच, की हा अर्धा तास ३ जूनला का मिळाला नाही?

कॉइल वॉरंटीत बदलून मिळाली. ट्रायलनंतर मात्र पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर पुरेसे काम करत नसल्याचा कोड, आला आणि कन्व्हर्टर गेला असे सांगण्यात आले. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, आतली सिरॅमिकची जाळी भाजून निघते, हे मला समजते. पण मग कॉइलचा दोष आपण मान्य केला आणि त्या दोषाने जे जळले ते माझ्या माथी मारले, हा हिशेब जुळत नाही. दिवा लागलेला असताना गाडी चालवल्याचे म्हणता, तर दिवा दोन्ही वेळा मी दुसऱ्या दिवशीच्या आत आपल्या दारात आणला. विझवला आपण.

आणखी एक. पी०४२० म्हणजे दर वेळी कन्व्हर्टरच गेला असे नसते. मागचा ऑक्सिजन सेन्सर बिघडला किंवा सायलेन्सरच्या पाइपला गळती असली तरी तो येऊ शकतो. या तपासण्या झाल्याची एकही नोंद जॉब कार्डवर नाही.

तेव्हा आधी सेन्सर आणि गळती तपासून त्याचा लेखी अहवाल द्यावा. कन्व्हर्टर खरोखर गेला असेल तर तो वॉरंटीत बदलावा, शेरा मागे घ्यावा आणि ५९० रुपये दोन्ही वेळचे परत करावेत. ३ व १४ जूनचे कोड आपल्या सिस्टीममध्ये आहेत असे सांगितले गेले आहे, ते मला लेखी हवे आहेत. आणि हेल्पलाइनवरच्या मंडळींना रंगाबरोबर "दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे?" हाही प्रश्न शिकवावा.

१५ दिवसांत लेखी उत्तर यावे. फोन नको, फोनवरचे पुढे कुणी मान्य करत नाही. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करीन. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही आणि कागद माझ्याकडे तयार आहेत.

आपली,
एक ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक

सोबत : ३, १४ व ३० जूनच्या जॉब कार्डांच्या प्रती, दोन बिले, एस्टिमेट, मेकॅनिकने लिहून दिलेला कोड, क्रेनची पावती.

ता. क. : काल वर्कशॉपमधून फोन आला होता. कंपनीकडून फीडबॅकचा कॉल येईल, त्यात १० पैकी १० द्या, अशी विनंती होती. गाडी कधी मिळेल विचारले, तर ते दुसऱ्या डिपार्टमेंटकडे आहे म्हणाले.