कुठे थांबावं, तेही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत 'वाचायलाच हव्यात' अशा विज्ञान कादंबऱ्यांची आणि अद्भुतकथांची यादी आली होती. नावं नेहमीचीच होती आणि बहुतेक त्या मानाला पात्रही आहेत. खटकली ती सगळ्यांना सरसकट वाटलेली स्तुती. 'अफाट', 'थक्क करणारं', 'खाली ठेववत नाही'. अहो, यातली बरीच पुस्तकं अगदी सहज खाली ठेववतात, एखाद-दुसरं तर भिरकवावंसं वाटतं. पण तसं छापायला कोणी धजत नाही.

या प्रकारात त्यामुळे जास्त नुकसान होतं, कारण इथे पुस्तक सहसा एकटं येत नाही. पहिल्याची शिफारस करणारा नकळत पुढच्या चार-पाच जाडजूड भागांनाही जामीन राहतो. वाचक त्याच्या भरवशावर शिरतो आणि तिसऱ्या भागात रुतून बसतो.

यादीतल्या आर्थर क्लार्क यांच्या 'राँदेव्हू विथ रामा'चंच घ्या. 1973 सालची ही कादंबरी माझ्या अत्यंत आवडीची. पन्नास किलोमीटर लांबीचं एक पोकळ, फिरतं नळकांडं सूर्यमालेत शिरतं. ग्रीक-रोमन देवांची नावं संपल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवतांकडे वळलेले असतात, म्हणून त्याचं नाव 'राम'. माणसं आत उतरतात तेव्हा काळोख असतो. न संपणारे जिने, आणि नळकांड्याच्या पोटाला कमरपट्ट्यासारखा वेढून असलेला गोठलेला समुद्र. सूर्य जवळ येऊ लागतो तसा तो समुद्र खालच्या बाजूने वितळायला लागतो आणि तिथे वादळं उठतात. पलीकडच्या टोकाला अडकलेला एक तरुण तिथलं एक फूल तोडतो, आणि तोडताना त्याला अपराधी वाटतं. बस्स, एवढंच. हे यान कोणी बांधलं, कशासाठी, ते शेवटपर्यंत कळत नाही. यान सूर्याला वळसा घालतं आणि आपल्याकडे ढुंकूनही न बघता निघून जातं. मानवजात विश्वाच्या दृष्टीने किती बिनमहत्त्वाची आहे हे इतक्या शांतपणे सांगणारी दुसरी कादंबरी मला माहीत नाही.

आता पुढचे भाग. 1989 ते 1993 या काळात जेंट्री ली यांच्यासोबत तीन आले. त्यांत काय आहे? लग्नं, बाळंतपणं, रुसवेफुगवे. यानात माणसांची वसाहत होते, त्या वसाहतीत एक गुंड सत्ता बळकावतो. आणि अखेरीस हे सगळं कशासाठी चाललं होतं याचा खुलासा होतो. तो चक्क देवापर्यंत जाऊन पोहोचतो! जे कळत नव्हतं म्हणून पुस्तक मोठं होतं, तेच फोड करून, शिक्का मारून वाचकाच्या हातात ठेवलं. 'राम' वाचा, जरूर वाचा. पण पुढच्या तीन भागांच्या वाटेला जाऊ नका, हे एक वाक्य आपल्या यादीत असतं तर किती बरं झालं असतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. विज्ञान कादंबरी फसली असं कोणी म्हटलं की लगेच 'विज्ञान चुकलं असेल' असा अंदाज बांधला जातो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. लॅरी निव्हन यांच्या 'रिंगवर्ल्ड'च्या (1970) पहिल्या आवृत्तीत ढळढळीत चूक होती. नायक आपला वाढदिवस लांबवण्यासाठी पृथ्वीवर एका शहरातून दुसऱ्या शहरात उड्या मारत जातो, पण पूर्वेकडे! म्हणजे मध्यरात्र लांबण्याऐवजी लवकरच गाठणार. नंतरच्या छपाईत ते दुरुस्त झालं. त्याहून मोठी गोम पुढे निघाली. गोष्ट घडते ती ताऱ्याभोवती फिरणाऱ्या एका अवाढव्य कड्यावर, आणि असं कडं गणिताने स्थिर राहूच शकत नाही. जरासं सरकलं की सरकतच जाणार आणि शेवटी ताऱ्यावर जाऊन आदळणार. 1971 च्या विज्ञानकथा संमेलनात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी याच्या घोषणा दिल्या होत्या. पण वाचकांनी पुस्तक टाकलं नाही, उलट चुका शोधण्यात त्यांना मजा आली. निव्हन यांनी पुढच्या भागात कड्याला जागेवर ठेवणारी इंजिनं बसवली. भौतिकशास्त्र सावरलं, पण गोष्टीतला जीव गेला असं माझं मत. पहिल्या भागातला तो अनोळखी, भव्य प्रदेश दुसऱ्यात दुरुस्तीच्या कामासारखा वाटतो.

अँडी वेअर यांचंही तसंच. 'द मार्शियन' ही मंगळावर एकट्याच अडकलेल्या एका थट्टेखोर अंतराळवीराची गोष्ट. तिच्यातल्याइतकं जोरदार वादळ मंगळावर होणं शक्य नाही, कारण तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तरी पुस्तक दणकून चाललं आणि मलाही आवडलं. त्यांच्या 2017 च्या 'आर्टेमिस'मध्ये चंद्रावरच्या वेल्डिंगचे तपशील चोख आहेत. पण तिथली नायिका तोंड उघडते आणि आतून मंगळावरचा तोच थट्टेखोर बुवा बोलायला लागतो. चूक परवडली, ही पुनरुक्ती नको.

अद्भुतकथांची तऱ्हा वेगळी. तिथे पाल्हाळ हा रोग आहे. रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही मालिका चौदा खंडांची. नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते, खरोखर अंगावर काटा येतो. मग 2003 साली दहावा खंड, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', आला. सहाशेहून जास्त पानं. त्यातल्या बऱ्याचशा पानांत वेगवेगळ्या ठिकाणची वेगवेगळी पात्रं ती घटना लांबून कशी जाणवली, एवढंच सांगत बसतात. एक संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरी. मध्ये चहापान, मध्ये कपड्यांवरची वेलबुट्टी. नमनालाच घडाभर तेल हे ऐकलं होतं, इथे दहाव्या अंकात घडे ओतले आहेत. 2007 मध्ये जॉर्डन गेले आणि ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड पूर्ण केले. कथेने वेग घेतला तो तेव्हा. मूळ लेखकाबद्दल आदर ठेवूनच हे म्हणते आहे.

जॉर्ज मार्टिन यांच्याबद्दल मात्र मला राग कमी आणि हळहळ जास्त आहे. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चे पहिले तीन भाग 1996 ते 2000 या चार वर्षांत आले, आणि तिसरा म्हणजे या प्रकारातला कळस. त्यानंतर कथेत पाच वर्षांची उडी घेऊन मुलांना मोठं करायचं असं ठरलं होतं. ते जमेना, बेत सोडला, मधला काळ भरून काढावा लागला. पुस्तक इतकं फुगलं की पात्रांची वाटणी करून त्याचे दोन भाग केले. चौथा 2005 मध्ये आला, आणि ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागला होता त्यांतली बरीच पात्रं त्यात नाहीतच. पाचवा पुढच्या वर्षी येईल अशी आशा लेखकाने त्याच पुस्तकात व्यक्त केली होती; तो आला 2011 साली. सहाव्याची वाट बघणं अजून चालूच आहे. अर्धवट राहिलेल्या मालिकेला 'महाकाव्य' म्हणायला माझी हरकत नाही, पण ती अर्धवट आहे हे सांगायला काय हरकत होती?

आयझॅक आसिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन'बद्दल थोडक्यात लिहिते, कारण चाहते अंगावर येतील. पहिल्या तीन पुस्तकांची गंमत अशी की इतिहास गणिताने चालतो, एकटादुकटा माणूस त्याला फारसा वळवू शकत नाही. सुमारे तीस वर्षांनी, प्रकाशकांच्या आग्रहामुळे, 1982 मध्ये चौथा भाग आला. त्याला विज्ञानकथांसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. पण तो आणि त्याच्या पुढचा भाग वाचून संपवला की कळतं, पडद्यामागे दोरी कोणाच्या तरी हातात होतीच. (कोणाच्या, ते सांगत नाही. ज्यांना वाचायचंच आहे त्यांनी वाचावं.) मग गणिताला अर्थ काय उरला? त्यानंतर तर गोष्ट पुढे न नेता आसिमोव्ह मागच्या काळात गेले.

आता एक उलटं उदाहरण, नाहीतर मी सरसकट सगळ्याच पुढच्या भागांवर उठले आहे असं वाटेल. फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून'चा दुसरा भाग, 'ड्यून मसाया', 1969 मध्ये आला तेव्हा पुष्कळ वाचक चिडले. पहिली कादंबरी ज्यांच्या मासिकात क्रमशः आली होती त्या जॉन कॅम्पबेल यांनीही हा भाग नाकारला. तो दुसऱ्या मासिकात छापून आला. नाराजीचं कारण असं की पहिल्या भागातला विजयी वीर इथे हतबल आहे, त्याच्या नावाने झालेल्या धर्मयुद्धात अब्जावधी मेले आहेत आणि ते थांबवणं त्याच्या हातात राहिलेलं नाही. मला हा भाग पहिल्याइतकाच, काही ठिकाणी जास्त भावला. तारणहार म्हणून ज्याच्या मागे धावलात तो तुम्हाला कुठे नेतो हे दाखवल्याशिवाय 'ड्यून' पुरी होत नाही. असा अपेक्षाभंग लेखकाने जाणूनबुजून केलेला असतो, आणि त्याची गणना मी फसलेल्या पुस्तकांत करणार नाही. समीक्षकाने नेमकं हेच उलगडून सांगायचं असतं. चौथ्या भागात एक अर्धा किडा झालेला सम्राट पानंच्या पानं प्रवचन देतो, ते मात्र मला झेपलं नाही. तिथे मी थांबले.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वेळी अशी यादी कराल तेव्हा प्रत्येक मालिकेपुढे ती पूर्ण झाली आहे का, आणि यादी करणाऱ्याने स्वतः ती शेवटपर्यंत वाचली आहे का, हे छापा. कोणत्या भागानंतर सोडली तरी चालेल, तेही. समीक्षकांना संकोच वाटत असेल तर आठवड्याला वाचकांचा एक रकाना या कामासाठी ठेवा. 'ड्यून'च्या चौथ्या भागाची बाजू घेणारं एखादं पत्र आलं तर मला वाचायला आवडेल.

आपली,
एक नियमित वाचक