मंत्रिमहोदय, सहा तासांतले पहिले दोनच आपले

प्रति,
मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की मान्सूनपूर्व आढाव्याची बैठक होते. महापालिका, पोलीस, रेल्वे, हवामान खाते, एनडीआरएफ, लष्कर, नौदल, सगळ्यांच्या खुर्च्या भरलेल्या असतात. नालेसफाईच्या टक्क्यांवरून थोडी जुंपते, ‘सर्व यंत्रणांनी समन्वय ठेवावा’ असे इतिवृत्तात येते आणि बैठक संपते. मुंबईकडे आराखडा नाही असे आमचे म्हणणे नाही. आराखडा आहे आणि तो चांगला जाडजूड आहे. घड्याळ चालू असताना आठ खात्यांनी मिळून योजना बनवायची पद्धत मात्र नाही. लढाईच्या तैनातीत फौजेचा स्टाफ, म्हणजे सेनापतीसाठी योजना आखणारे अधिकारी, हेच काम करतो, म्हणून हे पत्र.

भारतीय फौजेत या पद्धतीला अप्रिसिएशन म्हणतात. आधी उद्दिष्ट, मग परिणाम करणारे घटक, मग उपलब्ध पर्याय, शेवटी योजना. अमेरिकी लष्कर सात टप्पे मोजते, ब्रिटिश सात प्रश्न विचारतात. त्या फरकांत आपण शिरायला नको.

सर्वांत आधी वेळेची वाटणी. नियम असा की हाताशी असलेल्या वेळेतला एक तृतीयांश वरच्या मुख्यालयाने वापरायचा आणि दोन तृतीयांश खालच्यांना सोडायचा. समजा, सकाळी ८ वाजता रेड अलर्ट आला आणि भरती दुपारी २ ची आहे. हातात सहा तास. मंत्रालय आणि महापालिका मुख्यालय मिळून दोन तास, म्हणजे १० वाजता आदेश निघालाच पाहिजे. उरलेल्या चारांपैकी वॉर्ड ऑफिसने एक तास वीस मिनिटे घ्यावीत. पंप चालवणाऱ्याला, सबवेच्या तोंडाशी बॅरिकेड लावणाऱ्याला दोन तास चाळीस मिनिटे मिळतात. प्रत्यक्षात काय होते? वरची बैठक लांबते, परिपत्रक दीडला निघते आणि वॉर्डात पोहोचते तेव्हा हिंदमाताला गुडघाभर पाणी असते.

त्यावर उतारा म्हणजे वॉर्निंग ऑर्डर. पूर्ण माहितीची वाट न पाहता निघणारा चार ओळींचा निरोप: काय होण्याची शक्यता आहे, लवकरात लवकर किती वाजता हलावे लागेल, कोणी कुठे जमायचे, पूर्ण आदेश कधी मिळेल. त्या जोरावर खालचे लोक डिझेल भरतात, पाळी बदलतात, वाहने बाहेर काढतात. अमेरिकी मरीन कोअरच्या समुद्रावरील तुकड्यांकडून आदेश मिळाल्यापासून सहा तासांत कारवाई सुरू होण्याची अपेक्षा असते. हे जमते कारण कोणाचे काय काम हे आधीच ठरलेले, घोटलेले असते; त्या सहा तासांत फक्त या वेळचे वेगळेपण ठरवायचे असते. भरतीचे तक्ते तर आपल्याकडे वर्षभर आधी छापून येतात. इतकी आगाऊ माहिती कुठल्याही ब्रिगेडला शत्रूबद्दल मिळत नाही.

दुसरी पायरी कामाची फोड. आदेशात लिहिलेली कामे वेगळी आणि न लिहिलेली पण ओघाने येणारी वेगळी. ‘रस्त्यावरच्या पाण्याचा निचरा करा’ हे लिहिलेले काम. त्यासाठी मॅनहोल उघडले, तर प्रत्येक उघड्या मॅनहोलपाशी दोरी, लाल निशाण आणि माणूस हवा, हे न लिहिलेले काम. २९ ऑगस्ट २०१७ रोजी उघड्या मॅनहोलने एका मुंबईकराचा जीव घेतला. अशी कामे शोधायला स्टाफमधला एक माणूस बसवतात. तो आदेशाची प्रत घेऊन प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारतो आणि ‘म्हणजे आणखी काय?’ असे विचारत जातो.

याच पायरीवर माहीत असलेल्या गोष्टी आणि गृहीत धरलेल्या गोष्टी दोन वेगळ्या रकान्यांत लिहितात. गृहीतक लेखी नसले की दोन बैठकांनंतर ते वस्तुस्थिती म्हणून वावरू लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७३. मंत्रालयाच्या खिडकीतून दिसणारा पाऊस हा कुलाब्याचा असतो, महोदय. ‘शहरभर साधारण सारखी स्थिती’ हे गृहीतक कागदावर असते, तर उपनगरांतून उलटतपासणीचा फोन करायची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर पडली असती.

मग पर्याय आणि त्यांची झुंज लावणे, म्हणजे वॉरगेम. इथेच घोडे पेंड खाते. वेळ कमी पडला की सर्वांत आधी कात्री यालाच लागते, आणि योजनेतली भोके दिसायची जागा मात्र हीच. रीत साधी आहे. टेबलावर मोठा नकाशा, भोवती प्रत्येक यंत्रणेचा एकेक निर्णयक्षम अधिकारी, आणि एक जण शत्रूच्या बाजूने. आपला शत्रू पाणी आणि गर्दी. तेव्हा ती बाजू हवामान खात्याचा अधिकारी आणि पर्जन्य जलवाहिन्या विभागाचा इंजिनीअर यांना द्यावी. चाल, प्रतिचाल, त्यावर पुन्हा आपली चाल, एवढेच फिरत राहते.

एक फेरी अशी. दुपारी १, शीव-कुर्ल्यादरम्यान रुळांवर पाणी, लोकल थांबल्या. आपली चाल: कुर्ला स्थानकातून बेस्टच्या जादा बस. प्रतिचाल: एलबीएस मार्गच कुर्ल्यात तुंबला, बस एकामागे एक उभ्या, लोक रुळांतून चालत निघाले. आपली पुढची चाल: सीएसएमटी आणि दादरला गर्दी आधीच रोखणे, शाळा उघडून देणे. तेवढ्यात अग्निशमन दलाचा अधिकारी विचारतो, शीव रुग्णालयाकडे रुग्णवाहिका कुठून नेऊ? तुमच्या बस त्याच रस्त्यावर आहेत. हा प्रश्न टेबलावर आला तर पाच मिनिटांत सुटतो, रस्त्यावर आला तर तिथेच अडकतो. शेजारी बसलेला नोंदनीस हे सारे एका तक्त्यात भरतो: आडवी वेळ, उभ्या यंत्रणा, प्रत्येक चौकटीत एकच काम. तो तक्ता हाच पुढे आदेशाचा कणा होतो.

हे बिघडते कसे तेही सांगतो. योजना ज्याने बनवली त्यालाच शत्रूची बाजू दिली, की शत्रू फार समजूतदार निघतो. साहेब अध्यक्षस्थानी बसून पहिल्याच फेरीत मत देतात, मग बाकीचे माना डोलावतात. तीन पर्याय मागितले की एक खरा आणि दोन नुसते संख्या भरण्यापुरते येतात. आणि पहिल्या दोन चालींवर तासभर घालवल्यावर रात्री ९ वाजताची स्थिती कोणी खेळतच नाही.

वॉरगेममधून निघणारी मौल्यवान गोष्ट म्हणजे निर्णयबिंदू: अमुक दिसले की तमुक करायचे, आणि ते कधीपर्यंत ठरले पाहिजे. पुण्याजवळच्या तळावरून एनडीआरएफच्या जादा तुकड्या हव्या असतील, तर बोरघाटात दरड कोसळण्याआधी त्या निघालेल्या हव्यात. म्हणजे हा निर्णय मुंबईत पाणी भरण्याच्या कितीतरी आधी पडतो. निर्णय कोणाचा, ते पदनामासह लिहावे. तो माणूस फोनवर मिळाला नाही तर कोणाचा, तेही.

लेखी आदेश पाच परिच्छेदांचा असतो: परिस्थिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, रसद आणि प्रशासन, कमान आणि संदेशवहन. दोन पाने पुरतात. सर्वांत महत्त्वाचे वाक्य कशासाठी हे सांगणारे. लष्कराला मदतीला बोलावताना ‘दोन कॉलम (जवानांच्या तुकड्या) आणि दहा बोटी पाठवा’ असे लिहिले जाते. त्याऐवजी ‘अंधार पडण्यापूर्वी अमुक वस्तीतले लोक अमुक शाळेत हलवायचे आहेत’ असे लिहा. बोटी लागतील की ट्रक, ते लष्कराचे मुख्यालय ठरवील. फोन बंद पडल्यावरही हेतू कळलेला सुभेदार योग्य तेच करतो. स्लाइडांनी हे साधत नाही. इराक-अफगाणिस्तानात अमेरिकी स्टाफने छोट्या कारवायांची मंजुरी स्लाइडांवर आणली. स्लाइडवर बाण राहतात, गृहीतके गळतात. २००९ मध्ये काबूलमधल्या मुख्यालयातली बाणांचे जाळे असलेली एक स्लाइड तर जगभर हसण्याचा विषय झाली.

नियंत्रण कक्षात आजचे पाहणारे आणि उद्याचे पाहणारे वेगळे बसवा. सगळेच १९१६ वर येणाऱ्या तक्रारींत बुडाले तर पाणी ओसरल्यावर काय, याचा विचार करायला कोणी उरत नाही. एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडले आणि पुढच्या टप्प्याची योजना वरून आलीच नाही, असे तिथे शिरलेल्या अमेरिकी थर्ड इन्फंट्री डिव्हिजनने आपल्या अहवालात नोंदवले. आपल्याकडे २००५ च्या पुरानंतर लेप्टोने गाठले. कचरा, मेलेली जनावरे, पिण्याचे पाणी, औषधे यांचा आदेश पाऊस चालू असतानाच लिहिला गेला पाहिजे.

आमच्या मागण्या खर्चिक नाहीत. वॉर्निंग ऑर्डरचा चार ओळींचा नमुना आजच मंजूर करावा आणि तो काढण्याचा अधिकार नियंत्रण कक्षातील पाळीप्रमुखाला द्यावा. आपल्या सहीसाठी तो थांबू नये. जूनमधल्या पहिल्या मोठ्या भरतीपूर्वी कुर्ला-शीव पट्ट्याचा एक पूर्ण दिवसाचा वॉरगेम सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत उभारलेल्या त्या भागाच्या प्रतिकृतीवर, घ्यावा. प्रतिनिधी म्हणून कनिष्ठ सहायक नकोत, रात्री २ वाजता ज्यांचा फोन वाजणार आहे तेच हवेत. आपण स्वतः शेवटच्या तासाला यावे, निर्णयबिंदूंचा तक्ता पाहावा आणि ज्या चौकटीत दोन खात्यांची नावे आहेत तिथले एक खोडावे.

आपले नम्र,
मुंबईत स्थायिक झालेले काही निवृत्त स्टाफ अधिकारी