सोमवारच्या नाइटआधी

चि. तायडीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, "सोमवारपासून फाइव्ह-ॲक्सिस मशीन माझ्याकडे, तेही नाइट शिफ्टला." मी 'बरं' म्हटलं आणि फोन आईकडे दिला. तुला वाटलं असेल, बाबांना आनंद झाला नाही. झाला गं. हँडल फिरवत मिलिंग शिकलेल्या माणसाची पोर कॅमवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, टूलची वाट, टूलपाथ काढते, हे शिरोलीच्या चहाच्या गाड्यावर चौघांना सांगून आलोय.

पण तू म्हणालीस, "सिम्युलेशन ओके आहे, मग भीती कसली?" ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही. सिम्युलेशनला तू दाखवलंस तेवढंच दिसतं. क्लॅम्पचा बोल्ट वर राहिलाय, टूलचा होल्डर दुसराच लावलाय, हे त्याला कुठून कळणार? टेबल कललं की तोच बोल्ट स्पिंडलच्या वाटेत येतो. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर घे, एकेक ओळ थांबत; न कापतानाची धाव, रॅपिड, 25 टक्क्यांवर; बोट हालचाल थांबवणाऱ्या बटणावर, फीड होल्डवर.

1998 साली मी सलग दुसरी शिफ्ट करत होतो. टूलची लांबी सांगणाऱ्या ओळीत, जी 43 पुढे, एच 6 च्या जागी एच 5 पडलं. सहा नंबरचं टूल पाचपेक्षा 40 मिलिमीटर लांब. तेवढंच जास्त खाली आलं आणि रॅपिडमध्ये जॉब धरणाऱ्या व्हाइसवर आदळलं. नीट दिसावं म्हणून दाराचा इंटरलॉक, दार उघडं असताना मशीन चालू न देणारा, बायपास केलेला होता. माझ्या कपाळावरची खूण जिन्यावरची नाही, तायडे. आईला सांगू नकोस. आणि इंटरलॉक बायपास केलेला दिसला, तर कोणी काहीही म्हणो, सायकल स्टार्ट दाबू नकोस.

आधी थ्री-प्लस-टूचे जॉब मागून घे. टेबल फिरवून लॉक करायचं, मग कापायचं. पाचही अक्ष एकदम नंतर. टेबल कलवणारा ए अक्ष 90 अंश फिरला की वायमधली चूक झेडमध्ये जाऊन बसते. आणि कोनात अंशाचा शंभरावा भाग चुकला, तर 300 मिलिमीटरवर 52 मायक्रॉन जातात, म्हणून डायल लावल्याशिवाय...

बघ, पुन्हा शिकवायला लागलो. यातलं निम्मं तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. टूल सेंटर पॉइंट म्हणजे काय, हे मला तूच दिवाळीत पाटावर पेन्सिल तिरकी धरून समजावलंस. पेन्सिल कशीही कलली तरी टोक जागचं हलत नव्हतं. आजी म्हणाली, पोर गुरुजी झाली.

तू चार वर्षांची असताना खंडेनवमीला माझ्या मायक्रोमीटरच्या जबड्यात हळद-कुंकू भरलं होतंस. मी किती ओरडलो. तू फळीखाली जाऊन बसलीस, जेवायलाही बाहेर आली नाहीस. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दादाच्या त्या विषयावर मी आता बोलणार नाही, तूही मनात ठेवू नकोस. नाइटला डबा ने. तीनच्या सुमाराला डोळा जड होतो, तेव्हा नवीन प्रोग्रॅम लावू नकोस. चालू जॉबच पुढे घे. आणि बोट फीड होल्डवर. लिहायचं नाही ठरवलं होतं, तरी लिहिलं.

लाडवांच्या डब्यात कापडात गुंडाळून मायक्रोमीटर पाठवतोय. 0 ते 25 चा, तोच. फ्रेमच्या खाचेत हळद अजून आहे, मी काढली नाही. वापरण्याआधी झिरो बघून घे.

तुझा,
बाबा