चित्र आधी, कोर्ट मागनं

संपादक साहेब, नमस्कार.

पूर्वीचे पेपर खरं छापायचे, आता मोबाइलवर नुसत्या थापा, असं एक पत्र परवा तुमच्या पेपरात वाचलं आणि हसू आलं. मी सोलापुरात छापखान्यात खिळे (म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं) जुळवण्यात जन्म काढला, म्हणून बोलतो.

अमेरिकेचंच बघा की, तिथंही तेव्हा इंग्रजांचंच राज्य. ५ मार्च १७७० च्या रात्री बोस्टनमध्ये जमावानं बर्फाचे गोळे, काठ्या फेकल्या, इंग्रज शिपायांनी गोळ्या घातल्या, पाच माणसं गेली. इथवर खरंय. पण त्याच महिन्यात पॉल रिव्हियर या तिथल्याच कारागिरानं तांब्याच्या पत्र्यावर कोरून जे चित्र विकायला काढलं (तेही हेन्री पेलम या दुसऱ्या चित्रकाराचं ढापलेलं, पेलमनं तसं पत्रच लिहिलं त्याला) त्यात शिपाई कवायतीसारखे एका रांगेत, मागं त्यांचा कॅप्टन प्रेस्टन तलवार उगारून हुकूम देतोय आणि कस्टम हाउसवर पाटी काय, तर खाटीकखाना! कोर्टात प्रेस्टन सुटला, आठातले सहा शिपाई सुटले, त्यांचा वकील जॉन अ‍ॅडम्स पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, पण तोवर चित्र घरोघरी गेलेलं, निकाल कोण वाचतंय.

१७७५ ला इंग्रज आणि अमेरिकेतले बंडवाले यांच्यात लेक्सिंग्टनची लढाई झाली तेव्हा इंग्रजांचा सेनापती जनरल गेज याचा रिपोर्ट आधी निघालेला, तरी बंडवाल्यांचं क्वेरो नावाचं हलकं जहाज पुढं गेलं आणि लंडनच्या पेपरात आधी यांचीच बाजू छापून आली. न्यूयॉर्कचा जेम्स रिव्हिंग्टन राजाच्या बाजूनं छापायचा, त्याच वर्षी त्याचा छापखाना फोडून खिळे पळवले. खिळे हो! स्वातंत्र्याची लढाई खरी होती हे मान्यच, पण हे वाचताना माझ्या पोटात कालवलं.

आपल्याकडं सोलापुरात १९३० च्या मे महिन्यात सरकारनं मार्शल लॉ लावून पेपरचंच तोंड दाबलं. आपल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांतले कुर्बान हुसेन स्वतः 'गझनफर' नावाचा पेपर चालवायचे, हे किती पोरांना माहितीय? १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात या चौघा हुतात्म्यांना फाशी दिली.

दर १२ जानेवारीला हार घातल्याचे फोटो छापतातच सगळे. यंदा १९३० ची सरकारी बाजूची बातमी आणि आपल्या लोकांची बातमी शेजारी शेजारी छापा, एकाच मापात, हेडिंगसुद्धा सारखं. जुने अंक कुठल्या वाचनालयात धूळ खात पडले असतील तर चष्मा घेऊन मी येतो वाचून द्यायला, चहा तेवढा पाजा.

— एक जुना कंपोझिटर, सोलापूर