विद्याला, मुक्ताच्या पोळीबद्दल

प्रिय विद्ये,

बाबा ठीक आहेत, माझं बीपी गोळीवर आहे. आता मुद्दा.

परवा एका धान्य महोत्सवात खपली गव्हाच्या पिशव्या पाहिल्या, वर मोठ्या अक्षरांत 'सीलिअॅकसाठी चालतो', म्हणजे आपल्या मुक्तासारख्या, गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतडं बिघडणाऱ्यांना चालतो म्हणे! माझ्यापुढची बाई मुलासाठी पाच किलो घेत होती, मुलगा आपल्या मुक्ताएवढाच. मी सरळ तिचा हात धरला. विक्रेता म्हणाला, "मॅडम, आपला जुना देशी गहू आहे, याने काय होणार?" तू असतीस तर तिथेच फळा मागितला असतास.

अर्धं खरं आहे म्हणूनच भीती वाटते गं. आपल्या नेहमीच्या लोकवन गव्हात 42 गुणसूत्रं, खपलीत 28. लोकवनातल्या गुणसूत्रांच्या जादा 'डी' संचामुळे येणारा ग्लुटेनमधला तो 33 अमिनो आम्लांचा बदनाम तुकडा खपलीत नसतो. पण ग्लुटेनमधलं त्रास देणारं प्रथिन, बाकीचं ग्लायडिन, असतंच की! मुक्ताच्या आतड्याला तेवढं पुरतं.

स्पेनमधल्या कोर्दोबाच्या संशोधकांनी 2018 मध्ये क्रिस्परने, म्हणजे जनुकं कापणाऱ्या तंत्राने, एका गव्हातली अल्फा-ग्लायडिनची 45 पैकी 35 जनुकं बदलली, चाचणीत सीलिअॅकला डिवचणारी प्रतिक्रिया 85 टक्क्यांनी उतरली. वाचून मी नाचले होते. पण तेवढ्यानं भागत नाही. आपल्याकडे ग्लुटेनमुक्त म्हणायचं तर ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत हवं. तरी मला वाटतं, असा गहू येणार. ग्लायडिन काढून ग्लुटेनमधलं दुसरं प्रथिन, ग्लुटेनिन, राखलं तर कणीक धरून राहील, पुरणपोळी कदाचित फाटणार नाही. आणि तू तोंड वाकडं करू नकोस! बीटी कापसावरून मेसमध्ये तू माझ्या अंगावर ताक सांडलंस, ते मी विसरलेले नाही. तेव्हाही म्हणत होते, आताही म्हणते: तंत्र कोणतं यापेक्षा ते कुणासाठी वापरलं, ते बघ.

माझी झोप उडालीय ती पुढच्या गोष्टीने. समज, उद्या तुम्ही गहू-संशोधकांनी तो बिनग्लायडिनचा वाण दिलात. दिसायला तो लोकवनच ना? शेतात फारसं बिघडणार नाही, गहू स्वतःच्याच परागावर धरतो. पण मळणी यंत्रात आधीच्या शेतकऱ्याचे दाणे अडकलेले, मार्केट यार्डात पोतं फाटलं की झाडूने गोळा केलेले, आणि शेवटी आमच्या पेठेतली गिरणी! तिथे आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो, म्हणून मुक्ताची ज्वारीसुद्धा मी तिथे देत नाही, घरघंटी घेतली. ज्वारी निदान डोळ्यांना वेगळी दिसते. सुरक्षित गव्हात साध्याची मूठभर भेसळ झाली तर ती कोण ओळखणार? कुणी मुद्दाम करायचीही गरज नाही. मूल आजारी पडेल आणि आई नव्या वाणाला शिव्या घालेल. मग तो वाण कायमचा बदनाम.

म्हणून सुचलं. मोहालीच्या संस्थेने जांभळा, निळा, काळा गहू केलाय ना? ग्लायडिन नसण्याचा गुण त्या रंगाशी जोडला तर? पोत्यात हात घातला की साध्या गव्हाचा फिकट दाणा लगेच डोळ्यांत भरेल. दाण्यांची भेसळ तरी शेतकऱ्याला, हमालाला, मला, सगळ्यांना प्रयोगशाळेशिवाय कळेल. रंग आणि ग्लायडिनचा अभाव पिढ्यान् पिढ्या एकत्र टिकवणं किती अवघड, ते निफाडला गव्हात उभं राहून तूच सांगू शकतेस. अशक्य असेल तर तसंच लिही, गोड बोलू नकोस.

तुझ्या बढतीचं कळलं, छान झालं. ओंकारचं बारावीचं काय? नाशिकचं घर झालं का?

दिवाळीत ये, भाकऱ्या करून घालेन. बिस्किटांचा पुडा मात्र गाडीतच ठेव, आमच्याकडे गहू दाराबाहेर.

तुझी,
सुनंदा